धुतलेला पृथ्वीगोल

मित्रांनो, मी पृथ्वीगोल आहे, पुठ्ठ्याचा. खऱ्या पृथ्वीच्या पोटात आग असते म्हणतात. माझ्या पोटात नुसती हवा आहे आणि अलीकडे मुंगळ्यांचं एक बिऱ्हाड. पत्र्याच्या पायावर मी तिरका बसलेला असतो. मला फिरवून पाहाल तर माझी एक बाजू उघडी दिसेल. तिथे समुद्र नाही, देश नाही, एकही नाव नाही. ती बाजू कशी गेली तेवढंच मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पुठ्ठ्याचे दोन वाडगे एकमेकांवर पालथे बसवले आणि मला गोल केलं. मग एका बाईने दोन्हीकडे निमुळते असे बारा छापील कागद खळीने माझ्या अंगावर चिकटवले. ती कामात तरबेज होती. आफ्रिकेचा अर्धा भाग एका कागदावर आणि अर्धा दुसऱ्यावर, पण जोड कुठे दिसेल तर शपथ. वरून वॉर्निश फिरवल्यावर मी आरशासारखा चमकायला लागलो. माझ्यावरची सगळी नावं इंग्रजीत होती, पण मला वाचता कुठे येत होतं? अक्षरं मी पुढे शाळेत शिकलो, आणि तीही उशिराच.

१९६९ साली मी एसटीच्या टपावरून वडीगोद्रीला उतरलो आणि तिथून बैलगाडीने आतल्या एका गावात गेलो. तेव्हा जालना जिल्हा वेगळा झालेला नव्हता. गावात शाळेला इमारत नव्हती. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात सातवीपर्यंतचे वर्ग भरत आणि मुलं शेंदराच्या वासात पाढे म्हणत.

काकासाहेब गुरुजींचं इंग्रजी बेताचंच होतं आणि पुस्तकं पुरत नव्हती. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. भूगोल आणि इंग्रजी त्यांनी एकाच तासाला घेतले आणि दोन्ही माझ्याच अंगावरून शिकवले. "फाइंड पेरू!" असं ते म्हणत. कुणीतरी पुढे येई, बोटाने मला फिरवी, एकेक अक्षर जुळवी आणि ओरडे, "धिस इज पेरू!" कुणाचं बोट चिंचेने चिकट असे, तर कुणाचं मिरचीच्या ठेच्याने तिखट. चार वर्षांत त्या बोटांनी माझं वॉर्निश पार पुसून नेलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मीही त्यांच्याबरोबर शिकत होतो.

पण एका मुलीचं बोट कधी माझ्यापर्यंत आलं नाही. तिचं नाव बेबीनंदा. तिच्या माणसांनी छप्पन साली बुद्धाचा धर्म घेतला होता. गावाने मात्र आपलं काहीच सोडलं नव्हतं. शाळा देवळात भरते आणि देवळात यांनी यायचं नाही, तेव्हा बेबीनंदा बाहेर लिंबाखालच्या दगडावर बसून शिकायची. आत गुरुजी 'पेरू' म्हणाले की बाहेर तिचे ओठ हलायचे. तिने एक वाळकं कवठ आणलं होतं. आत मुलं जिथे बोट ठेवत, ते ऐकून आणि मान उंचावून पाहून ती कवठाच्या टणक पाठीवर बाभळीच्या काट्याने ओरखडे काढायची. तिची पृथ्वी माझ्यापेक्षा लहान होती, पण ती तिच्या हातात होती.

दर शनिवारी गुरुजी अंगणात सूर्यमाला लावत. चुन्याच्या फकीने गोल आखत आणि प्रत्येकाला एक ग्रह देत. आपल्या गोलावर पळायचं आणि गुरुजींनी टाळी वाजवली की आपलं वाक्य म्हणायचं. सूर्य व्हायचा मान सरपंचाची पुतणी जयवंता हिचा. ती देवळाच्या पायरीवर सावलीत उभी राही आणि म्हणे, "आय ॲम द सन. आय गिव्ह लाइट." बेबीनंदा नेहमीच प्लुटो. तिचा गोल सगळ्यांत बाहेरचा, निवडुंगाच्या कुंपणाला लागून. त्या गोलावर सावली नव्हती आणि तिच्या पायात चप्पल नव्हती.

"ए प्लुटो, जल्दी पळ की!" जयवंता सावलीतून ओरडायची. "चटके बसून राह्यले का?"

"बसू दे की. प्लुटोवर लय थंडी असती म्हणं," दुसरं कुणी म्हणायचं, आणि सगळे ग्रह हसायचे. कधीकधी गुरुजीही हसायचे.

टाळी वाजली की बेबीनंदा दम खात म्हणायची, "आय ॲम प्लुटो. आय ॲम फार फ्रॉम द सन." इतकं खरं इंग्रजी त्या गावात दुसरं कुणी बोलत नव्हतं. पण एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. बाकीच्यांना आपापलं एक वाक्य येत होतं. सगळ्यांत शेवटी बोलायची पाळी असलेल्या बेबीनंदाला ऐकून ऐकून सगळ्यांचीच वाक्यं पाठ झाली होती.

मग त्र्याहत्तरचा उन्हाळा आला. दोन पावसाळे कोरडे गेले होते. विहिरींचे तळ दिसत होते, आणि निम्मं गाव रोडाच्या कामावर खडी फोडत होतं. बेबीनंदाची आई कौसल्याही तिथेच होती. त्या वर्षी सातवीत मुली दोनच, जयवंता आणि बेबीनंदा. तपासणीचे साहेब येणार होते. त्यांना जी मुलगी हुशार वाटेल तिचं नाव ते तालुक्याच्या मुलींच्या वसतिगृहासाठी लिहून नेणार होते. दहावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं सरकारचं.

कौसल्या कामावर जाता जाता दगडापाशी थांबली. मी आतून ऐकत होतो.

"साहेबानं नाव नेलं तर शिक बाई," ती म्हणाली. "न्हाई तर मुकादमाला सांगून ठिवलंय म्या. सोमवारपासून हातोडा घ्यायचा."

"नेतील गं माय. मला समदं येतंय."

"येऊन काय व्हतंय? त्यांनी इचारलं तर पाह्यजे ना."

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी वावटळ उठली. देवळात शिरली, पाट्या उडवल्या आणि मला चौथऱ्यावरून खाली लोटलं. मी पत्र्याच्या पायातून निसटलो, पायऱ्यांवरून घरंगळत अंगणात आलो आणि थेट निवडुंगाकडे निघालो. मुलं ओरडत राहिली. बेबीनंदा मात्र उठून धावली. आपल्या रोजच्या गोलावर तिने मला गाठलं आणि दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरलं.

मित्रांनो, चार वर्षांत पहिल्यांदा तिचे हात मला लागले. तिने धूळ फुंकली, पेरूवर बोट ठेवलं आणि हळूच हसली. त्या दिवशी एवढाच आमचा सहवास.

"ठिव! ठिव ते खाली!" सरपंचाची आई झुंबरबाई पायरीवर उभी होती. जयवंताची ही आजी रोज मारुतीला पाणी घालायला यायची. "देवळातली वस्तू कवळून बसली! आता ती आत कशी न्यायची?"

"आजी, पडून राह्यला व्हता," बेबीनंदा म्हणाली.

"पडू द्यायचा व्हता!"

भांडं बाटलं की जे करत, तेच मग झुंबरबाईने केलं. टँकर दोन दिवसांआड यायचा. बौद्धवाड्यातल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन सकाळपासून रस्त्यावर ताटकळत होत्या. झुंबरबाईने देवासाठी आणलेली भरली घागर उचलली.

गुरुजी पुढे आले. "आजी, कागद हाय तो," ते पुटपुटले.

"कागद असू द्या न्हाई तर सोनं. बाटला तो बाटला. तुमची बदली करायची का, गुरुजी?"

गुरुजी मागे सरकले. ते दुष्ट नव्हते. दुष्ट माणसाचा निदान राग तरी करता येतो.

भरली घागर माझ्यावर रिकामी झाली. वॉर्निश तर कधीच गेलेलं होतं. पाणी कागदाखाली शिरलं, खळ सुटली आणि त्या बाईने इतक्या जपून चिकटवलेले कागद फुगून लोंबायला लागले. झुंबरबाईने वरून पदराने मला खसाखसा पुसलं. हिंदी महासागर तिच्या पदराला चिकटून गेला. मादागास्कर गेलं, सिलोन गेलं, आफ्रिकेचा अर्धा किनारा गेला. "झाला चोख," असं म्हणून तिने मला देवापुढे ठेवलं. रस्त्यावरच्या बाया जमिनीत मुरणाऱ्या पाण्याकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. माझ्याकडे नीट न पाहताच त्यांनी विचारलं, "फाइंड मादागास्कर."

जयवंता पुढे आली. तिने मला फिरवलं, पुन्हा फिरवलं. "हितं न्हाई, साहेब. काल आजीनं धु..." दाराशी झुंबरबाई उभी होती. जयवंताने जीभ चावली. बाकीची मुलंही एकेक करून आली. ती सगळी माझ्या अंगावरची अक्षरं वाचून शिकली होती, आणि आता अक्षरंच नव्हती.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. "आय कॅन फाइंड, सर."

"ही बाहेर का बसली?" साहेबांनी विचारलं.

"तिथं वारं लागतंय, साहेब," गुरुजी म्हणाले.

साहेबांनी मला उचललं आणि लिंबाखाली नेलं. बेबीनंदा उभी राहिली. तिचे हात पाठीमागे होते.

"हात लावू का?" तिने विचारलं.

"अगं, लाव की!"

तिने माझ्या उघड्या पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. "हिअर इज मादागास्कर." बोट सरकलं. "हिअर वॉज इंडियन ओशन. हिअर वॉज सिलोन." प्रत्येक जागा बरोबर होती. माझ्यावर काही उरलेलं नव्हतं, पण तिच्यात सगळं शाबूत होतं. मग न विचारताच तिने बुधापासून प्लुटोपर्यंत नऊही ग्रहांची वाक्यं म्हणून दाखवली, आणि सूर्याचंही.

"व्हेरी गुड!" साहेब म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढलं. मग त्यांनी मला पहिल्यांदाच फिरवून नीट पाहिलं. "सरकारी ग्लोबची ही दशा कुणी केली?"

झुंबरबाई गुरुजींकडे बघत होती.

"काल हिनंच हात लावल्ता, साहेब," गुरुजी म्हणाले. "त्याच्यानंतर झालं हे."

त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

"गुरुजी," बेबीनंदाने विचारलं, "पाणी म्या टाकलं का?"

गुरुजी लिंबाच्या शेंड्याकडे पाहू लागले. साहेबांनी पायरीपाशी वाळून चिकटलेले निळे कागदाचे कपटे पाहिले, झुंबरबाईला पाहिलं, दगडापाशी उभ्या मुलीला पाहिलं. त्यांना कळलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण त्यांचं जेवण सरपंचाच्या घरी होतं. "हुशार आहेस," ते म्हणाले. "पण सरकारी वस्तू जपायला शिकलं पाहिजे." आणि त्यांनी जयवंताचं नाव लिहिलं.

जयवंता वसतिगृहात गेलीच नाही. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं. ती जागा वर्षभर रिकामी राहिली.

जूनमध्ये शाळा पुन्हा भरली. खडीचं काम आता देवळासमोरच्या रस्त्यावर आलं होतं. शनिवारी गुरुजींनी नव्या सातवीची सूर्यमाला लावली. पायरीवर नवा सूर्य उभा राहिला. पण प्लुटो व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा तो गोल तसाच मोकळा ठेवून त्यांनी टाळी वाजवली. बुध बोलला, शुक्र बोलला, असं करत नेपच्यून बोलला. मग प्लुटोची पाळी आली. कुंपणापलीकडे खडीच्या ढिगावर एक हातोडा थांबला.

"आय ॲम प्लुटो. आय ॲम फार फ्रॉम द सन."

मुलं खदखदा हसली. मुकादमाने शिवी दिली. हातोडा पुन्हा सुरू झाला. गुरुजींनी त्या दिवशी खेळ तिथेच मोडला आणि पुढे सूर्यमाला कधी लावली नाही. मला त्यांनी सभामंडपाच्या कोपऱ्यात, चटयांच्या गुंडाळीमागे ठेवून दिलं.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. वस्तू जपून वापरा, असं तुम्हाला सांगायची माझ्यासारख्यांची रीत आहे. तर मला उन्हापासून जपा, वाळवीपासून जपा, पाण्यापासून तर जपाच. पण हातांपासून जपू नका. चिंचेचे असोत, शेणाचे असोत, खडीने फुटलेले असोत, मला हात लावा. आणि कुणी हात पाठीमागे धरून लांब उभं असेल, तर त्याच्यापाशी मला घेऊन जा. मी आपला आपण फिरू शकत नाही.