अभ्रकाची चकती

“कर चालू,” नंदकुमारकाका म्हणाले आणि सहदेवने बटण दाबलं.

फट्! अ‍ॅम्प्लिफायरच्या जाळीतून धूर निघाला. पार्ल्याच्या त्या दोन खोल्यांत जळका वास भरला.

“वाट लागली,” सहदेवच्या तोंडून निघून गेलं.

हा अ‍ॅम्प्लिफायर काकांनी तरुणपणी स्वतःच्या हातांनी जोडलेला. वर्षभर मुका पडला होता. दोन ट्रान्झिस्टर उडालेत, हे सहदेवने मीटर लावताच ओळखलं. आपल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला असता तर किरकोळ काम. पण कुंदाकाकूंनी त्याला जिन्यात गाठलं होतं. “इथेच कर रे. त्यांचेही हात लागू देत. कंपवात झाल्यापासून माणूस नुसता भिंतीकडे बघत बसतो.” म्हणून सहदेवने ट्रान्झिस्टर जागेवर धरायचे आणि काकांनी स्क्रू पिळायचे, असं ठरलं. काका थरथरत होते, घामाघूम झाले होते, पण हट्टाने पिळत होते. आणि हसत होते, बरं का!

ट्रान्झिस्टरची धातूची टोपी आणि खालचा पत्रा यांच्यामध्ये अभ्रकाची पातळ चकती घालावी लागते. नाही घातली तर करंट सरळ पत्र्यात. हे सहदेवला कुणी शिकवायला नको. पहिल्याला घातली. दुसऱ्याच्या वेळी काकूंनी चहा आणला, गप्पा निघाल्या, आणि गाढवाने ट्रान्झिस्टर तसाच ठेवला. चकती तिला लावलेल्या पांढऱ्या पेस्टमुळे त्याच्याच मनगटाला चिकटून राहिली होती. धूर निघाल्यावर ती त्याला दिसली.

तेवढ्यात काका म्हणाले, “माझाच स्क्रूड्रायव्हर घसरला. पिन टेकली असणार पत्र्याला. संपलो रे मी.”

सहदेवने तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याऐवजी शर्टाची बाही खाली ओढली. ‘सहदेवकडे द्या, डोळे मिटून द्या,’ असं अंधेरीपर्यंत लोक म्हणतात. त्या नावाची लाज आडवी आली. मेल्या, नाव काय चाटायचंय?

रात्री ताटातला बांगडा तसाच राहिलेला पाहून बायकोने, वनमालाने, त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. “आणि म्हाताऱ्याच्या माथी मारून आलात? जीभ काय गहाण टाकली होती? सकाळी जा नि सांगा.”

सकाळी नवे ट्रान्झिस्टर घेऊन तो गेला. चकती काकांपुढे ठेवली. “काका, ही घालायची मीच विसरलो. तुमचे हात बरोबर चालले होते. आईशपथ!”

काका हसले. “अरे, तुझ्या पिशवीत अशा ढीगभर चकत्या असतील.”

“नाही हो, खरंच—”

“चूक तुझी असती तर तू कालच बोलला असतास. ओळखत नाही का मी तुला? मन राखतोयस माझं.”

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. “देवमाणूस आहेस रे.”

सहदेवला त्यापेक्षा थोबाडीत बसलेली चालली असती. तो खाली बसला, चकती घालून ट्रान्झिस्टर जागेवर धरला आणि स्क्रूड्रायव्हर काकांपुढे केला. “या ना काका. पिळा.”

“तूच पीळ. मी बघतो.”

त्याने पुन्हा विनवलं. काकांनी मान हलवली.

तासाभराने आवाज आला, अगदी स्वच्छ. “झकास!” काकू म्हणाल्या. काकाही मान डोलावत होते. पण दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते. सहदेव निघाला, तरी ते बाहेर काढले नाहीत.