शेवटच्या कडव्यातलं नाव

मायाप्पाची बायको दुसऱ्या पुरुषाचं नाव घ्यायची, तेही भर गर्दीत, कर्ण्यातून, गळा मोकळा सोडून. आणि मायाप्पा काय करायचा? तर त्याच कार्यक्रमाची सुपारी ठरवून, विडा खाऊन, स्टेजच्या कडेला उभा राहून ते ऐकायचा.

तसं यात वावगं काही नव्हतं. भीमगीताचा रिवाजच तो. ज्यानं गाणं रचलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात गुंफलेलं असतं आणि गाणाऱ्यानं ते स्पष्ट उच्चारायचं असतं. लोकही त्या नावाचीच वाट बघत बसतात, नाव आलं की टाळ्या पडतात. शेवंताबाईची झाडून सगळी गाणी सिद्रामनं रचलेली. त्यामुळं निपाणीपासून खानापूरपर्यंत जिथं जिथं जयंती, जिथं जिथं मांडव, तिथं तिथं शेवंताबाईच्या तोंडी सिद्राम.

आणि नवऱ्याचं नाव? ते तिनं लग्न झाल्यापासून एकदाही घेतलं नव्हतं. दीक्षा घेऊन इतकी वर्षं झाली, देव्हारे गेले, नवससायास गेले, पण नवऱ्याचं नाव तोंडात आणायचं नाही, ही आईची शिकवण शेवंताबाईनं पदराला गाठ मारून ठेवली होती. मायाप्पाला ती 'अवो' म्हणायची. कुणी विचारलंच तर 'आमचं ह्ये'. दोन्ही रिवाज आपापल्या जागी बरोबरच होते. पण दोन्ही एकाच बाईच्या तोंडात आले आणि मायाप्पाच्या पोटात निखारा पडला.

बरं, माणूस काही नालायक नव्हता. पार्टी उभी केली ती त्यानंच. कंग्राळीच्या एका लग्नात हळदीची गाणी म्हणणारी पोरगी त्यानं हेरली, तिच्याशी लग्न केलं, पेटीवाला आणला, ढोलकीवाला आणला, जीपवाला बांधून ठेवला. कार्यक्रमाच्या आदल्या दिवसापासून तिला ताक पिऊ द्यायचा नाही. गावचे पुढारी जेवणानंतर 'बाई, एक गाणं फुकटचं होऊन जाऊ द्या' म्हणाले, तर हा आडवा यायचा. त्याची एक खास रीत होती. बाईला न आवडणारी गोष्ट सांगायची असली की तो ती स्टेजच्या पायरीवर सांगायचा. पुढं लोक बसलेत, ढोलकी वाजायला लागलीय, तिथं बाई भांडणार कधी? 'आज पहिल्यांदा तू न्हाय, सरपंचाची मेव्हणी गाणार हाय,' असं सांगून तो बाजूला व्हायचा. शेवंताबाई मनातल्या मनात दात-ओठ खात, हसऱ्या तोंडानं वर चढायची.

एवढं सगळं करून सुपारी द्यायला आलेला माणूस दारात काय विचारायचा? "सिद्रामची गाणी म्हणणारी पार्टी हीच काय?"

सिद्राम निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत चाळणीवर कामाला. अंगानं काटकुळा, खोकून खोकून छातीचा पिंजरा झालेला. पण रविवारी दुपारी नवीन गाणं घेऊन आला की त्याचं तोंड असं उजळायचं, की मायाप्पाला घरात दुसराच कोणीतरी शिरल्यासारखं वाटायचं. सिद्राम ओळ सांगायचा, शेवंताबाई म्हणायची. मग ती म्हणायची, "दादा, हितं श्वास पुरंना," आणि तो म्हणायचा, "मग शबूद बदलूया." दोन तास हेच. मायाप्पा उंबऱ्यावर बसून माईकची वायर सोलत राहायचा. वायर चांगली असायची तरी सोलायचा.

शेवंताबाई त्याला दादा म्हणायची, हे मायाप्पाच्या कानावर पडत नव्हतं असं नाही. पण संशयाला कान नसतात, नुसते डोळे असतात. सिद्रामच्या चहात तिनं ठेचून टाकलेलं आलं त्याला दिसायचं. सिद्रामला खोकल्याची उबळ आली की तिचा हात तांब्याकडं जायचा, ते दिसायचं. आपल्याला खोकलाच येत नाही, याचंही त्याला वाईट वाटायचं. पुरावा काडीचा नव्हता. जळायला लाकूड लागतं, मत्सराला तेही लागत नाही. त्याला फक्त एक हवं होतं: त्या बाईच्या गळ्यातून, तसंच लोकांसमोर, तसंच सुरात, आपलं नाव यावं. एकदा तरी.

अशात कॅसेटचं पेव फुटलं. चहाच्या हॉटेलात, ट्रॅक्टरवर, लग्नाच्या मांडवात, जिथं बघावं तिथं टेपरेकॉर्डर. बेळगावचे मारुतीराव म्हणून एक गृहस्थ, त्यांनी नवी कॅसेट कंपनी काढली होती. त्यांनी कंग्राळीच्या जयंतीत शेवंताबाईला ऐकलं आणि आठवड्याभरात निपाणीला येऊन धडकले.

"बाईंना एकरकमी पैसे मिळतील," मारुतीराव चहा पीत म्हणाले. शेवंताबाई तेव्हा नळावर गेली होती. "पण गीतकाराचं वेगळं. त्याला रॉयल्टी. म्हणजे जेवढ्या कॅसेट खपतील तेवढं त्याला मिळत राहणार, आणि कव्हरवर नाव येणार. गीतकार कोण तुमचा?"

मायाप्पाला पैशाचं एवढं वाटलं नाही. पण कव्हरवर नाव! म्हणजे आता सिद्राम शेवंताबाईच्या तोंडातून निघून घराघरात, फळीफळीवर जाऊन बसणार, आणि तेही तिच्या फोटोच्या खाली. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि ज्या तोंडानं तो आयुष्यभर सुपाऱ्या ठरवत आला त्याच तोंडानं तो बोलून गेला, "मीच की!"

मारुतीरावांनी बशी खाली ठेवली. "मग शेवटच्या कडव्यात सिद्राम कोण?"

"त्ये व्हय? त्ये आपलं चालीत बसतंय म्हणून घातलंय."

"छे छे, असं नको. उद्या कोण सिद्राम उभा राहिला म्हणजे मला निस्तरावं लागंल. रेकॉर्डिंगला तुमचंच नाव घाला."

मायाप्पाला घाम फुटायला हवा होता. पण फुटला नाही, उलट आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्यानं तिथल्या तिथं सही ठोकली. शेवंताबाई आपलं नाव घेणार होती, आणि ते कॅसेटवर कायमचं राहणार होतं. हवं तेव्हा बटण दाबावं आणि ऐकावं.

सिद्रामला त्यानं काही सांगितलं नाही. वखारीत हंगाम चालू होता, त्याला सुट्टी नव्हती, तेवढं निमित्त पुरलं.

टिळकवाडीतल्या एका बंगल्याच्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंग होतं. भिंतींना घोंगडी ठोकलेली, खिडक्या बंद, आवाज येतो म्हणून पंखाही बंद. पेटीवाला घामानं निथळत होता. शेवंताबाई माईकसमोर उभी राहिली, ढोलकीवर थाप पडली, आणि तेव्हा मायाप्पा नेहमीच्या रीतीनं तिच्या कानाशी गेला. "कंपनीचं म्हननं हाय, शेवटच्या कडव्यात सिद्राम नको. मायाप्पा म्हन."

तिनं चमकून बघितलं. पण मारुतीरावांनी हात वर केला होता.

गाणं तिचं सगळ्यात गाजलेलं होतं. वखारीत टोपली वाहणाऱ्या बाईनं लेकीला सांगितलेलं. 'टोपलं ठेव गं खाली, लेकी, पुस्तक घे गं हाती.' शेवंताबाईचा आवाज त्या कोंदट खोलीत असा भरला की मशिनीवरचा माणूससुद्धा मान डोलवायला लागला. एक कडवं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. शेवटचं आलं आणि ती थांबली.

"काय झालं बाई?"

"काय न्हाय. परत घ्या."

परत घेतलं. परत तिथंच थांबली. आणखी एकदा. ढोलकीवाला बोटं झटकायला लागला. शेवटी शेवंताबाईनं पदर तोंडाला लावला आणि मान खाली घालून म्हणाली, "साहेब, मालकाचं नाव कसं घिऊ मी? येतच न्हाय तोंडात."

खोलीत हशा पिकला. मारुतीराव तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मायाप्पाही हसला. खरं सांगायचं तर त्या घटकेला तो विरघळला होता. बायको लाजत होती, त्याच्या नावाला लाजत होती, लाल झाली होती. शहाणा असता तर तेवढ्यावर घर गाठलं असतं.

"मग राहू दे, शेवटचं कडवंच गाळू," मारुतीराव म्हणाले. "गाणं तसंही लांबतंय. सगळ्याच गाण्यांना असंच करू."

मायाप्पानं विचार केला. आपलं नाव नाही तर नाही, पण त्याचंही नाही! तो हो म्हणाला.

कॅसेट आली. कव्हरवर शेवंताबाईचा फोटो, खाली छापलेलं: गीते, मायाप्पा कांबळे. शेवंताबाईनं ती हातात घेतली, उजेडाकडं धरली, एकेक अक्षर जुळवत वाचली आणि फळीवर ठेवून दिली. मग भाकऱ्या थापायला बसली. मायाप्पानं त्याचा अर्थ आपल्या सोयीचा लावला.

सिद्राम पुढच्या रविवारी आला. हॉटेलात त्यानं कॅसेट ऐकली होती, कव्हरही बघितलं होतं. भांडला नाही. उंबऱ्यावर मायाप्पाशेजारी बसला आणि शांतपणे म्हणाला, "मायाप्पा, त्ये टोपल्याचं गाणं, त्येचं तिसरं कडवं म्हणून दाव की रं."

मायाप्पानं वायर ओढून सोलायला घेतली.

"तुजंच हाय न्हवं? म्हण की. चाल सोड, नुसतं म्हण."

एवढे कार्यक्रम झाले, पण मायाप्पानं गाणं कधी ऐकलंच नव्हतं. तो नाव यायची वाट बघत उभा असायचा. त्याला पहिली ओळसुद्धा धड आठवेना. सिद्राम हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला, आणि खोकतच उठून गेला. आतून तांब्या घेऊन आलेली शेवंताबाई दारात तशीच उभी राहिली. त्यानंतर सिद्राम कधी आला नाही.

एप्रिलात निपाणीत जयंती. दिवेलागणीलाच मैदान भरलं. वखारीतल्या बायका तंबाखूच्या वासासकट थेट कामावरून आलेल्या, पोरं बापांच्या खांद्यावर. पार्टीला मायाप्पाचा हुकूम होता: कॅसेटवर आहे तसंच गायचं, शेवटचं कडवं नाही. पायरीवर सांगायचीही गरज पडली नाही. शेवंताबाई हल्ली काहीच विचारत नव्हती.

तिनं टोपल्याचं गाणं घेतलं. तीन कडवी झाली. हुकमाप्रमाणं ती थांबली, हात जोडले, पेटी बंद झाली.

टाळ्या पडल्या नाहीत. लोक नावाची वाट बघत होते. मग पुढं बसलेल्या बायकांतून एका म्हातारीनं, गुणाबाई तिचं नाव, वखारीत सिद्रामच्या शेजारी बसणारी, तिनं आपल्या चिरक्या आवाजात कडवं उचललं. तिच्यामागं तिच्या रांगेतल्या बायका, त्यांच्यामागं सगळ्याच बायका, आणि मग सगळं मैदान:

"सिद्राम सांगे, लेकी, आता सरल्या काळ्या राती,
टोपलं ठेव गं खाली, लेकी, पुस्तक घे गं हाती."

कर्ण्याची गरज नव्हती. मायाप्पा कर्ण्याच्या खांबाला धरून उभा होता. एका तोंडातून त्यानं ते नाव काढलं होतं. आता किती तोंडं झाकणार?

कार्यक्रम संपल्यावर स्टेजच्या मागं त्यानं तिला गाठलं. ती पेटीला कापड गुंडाळत होती.

"तूच पढवलंस त्यास्नी!"

"म्या कशाला पढवू? लोकास्नी पाठ हाय."

"लोकास्नी पाठ हाय, आन् तुला गोड हाय! इतकी वर्सं त्येचं नाव घेतलंस, कवा लाजली न्हाईस. आन् माजं एक नाव घ्याचं म्हटलं तर जीभ अडकली व्हय गं तुजी?"

शेवंताबाईनं कापडाची गाठ मारली आणि त्याच्याकडं वळून बघितलं. आवाज अजिबात चढवला नाही.

"परक्याचं नाव घ्याला कसली आलीया लाज? सिद्रामदादा परका, म्हणून सरळ तोंडात यायचं. तुमी आपलं, म्हणून येत न्हवतं. त्या दिशी मशिनीम्होरं माजं पाय लटलट कापत व्हतं. कळलं का तुमास्नी?"

मायाप्पाला कळलं. इतक्या वर्षांचा निखारा एका दमात विझला, आणि त्या जागी असं काही गार झालं की त्याला हसावं का रडावं सुचेना. तो पुढं सरकला, पेटी उचलायला. "आगं, मग येवढं—"

"ऱ्हाऊ द्या." तिनं पेटी स्वतःच उचलली. "कॅसेटीवर काय छापलंय ते म्या वाचलं. त्या माणसाला तोंड दावायची सोय ठेवली न्हाई तुमी मला. कंपनी म्हनतीया म्हणून सांगितलासा, आन् म्या खरं मानलं. मालक खोटं बोलत्यात असं मनातबी आलं न्हाय."

पलीकडं जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. ढोलकीवाला, पेटीवाला आधीच चढून बसले होते. शेवंताबाई पेटी कमरेवर घेऊन चालायला लागली. मायाप्पा जागचा हलला नाही, तेव्हा तिनं थांबून मागं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली.

"चला मायाप्पा, गाडी थांबलीया."

नाव सुरात आलं, स्वच्छ आलं, आणि कुठंच अडखळलं नाही.