दोन जुवांची पांद

मंजुश्री, माझी नात, लातूरला नववीत शिकते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली तरी तिचं पाठांतर चालूच होतं. ओसरीवर पाय पसरून मोठ्यानं वाचत होती : समांतर रेषा कितीही वाढवल्या तरी एकमेकींना मिळत नाहीत.

"आपल्या पांदीच्या मिळत्यात की," उंबऱ्याजवळ बसलेली माझी धाकटी जाऊ नागम्मा हसत म्हणाली. "तुझ्या मास्तरला एकदा इकडं आण, बाई."

बाजेवर सुपारी कातरत असलेल्या माझ्या मालकांचा अडकित्ता थांबला.

नागम्मा काही गप्पा मारायला आली नव्हती. तिचं सोयाबीन कापून शेतात ढीग लावलेलं होतं आणि सकाळपासून आभाळ भरून आलं होतं. मळणीयंत्र रस्त्यापर्यंत येऊन थांबलं होतं, कारण तिच्या शेताकडं जाणारी पांद, शेतांमधली वाट, मागच्या टोकाला इतकी अरुंद झाली आहे, की यंत्र सोडा, भरली गाडीसुद्धा जात नाही. रात्रीतून पाऊस आला तर ढिगाला कोंब फुटणार. माझा दीर रेवणप्पा गेल्यापासून ती एकटी शेत करते. वर्षभराचं तिचं सगळं त्या ढिगात होतं.

आमच्यात धाकटी भावजय भासऱ्याशी, नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, समोरासमोर बोलत नाही. त्यामुळं तिनं मला सांगितलं, "अक्का, भावजींना विचारा, वाट मोकळी करून देतील का." मालक तिथंच बसलेले, सगळं ऐकत होते. त्यांनी मला सांगितलं, "तिला सांग, पांद आबांपासून अशीच हाय." आणि मी ते वाक्य तिच्या तोंडाकडं बघत म्हणून दाखवलं. तिनं मान हलवली, पण उठली नाही. त्यानंतरच ती मंजुश्रीला ते रेषांचं म्हणाली.

पांद तशी नव्हती. वाटणी झाली तेव्हा मी नवी सून होते, पाण्याची घागर घेऊन शेतात गेले होते. पुढची दोन्ही अंगाची जमीन थोरल्याला, मागची विहिरीसकट धाकट्याला, आणि मधून धाकट्याची वाट. सासरे महादेवप्पा, म्हणजे आबा, यांनी बैलांचं जू आडवं जमिनीवर ठेवलं आणि दोन जू रुंद पांद सोडली. नुसती रस्त्याकडं नाही, जू उचलत उचलत थेट मागच्या शेतापर्यंत गेले.

रस्त्याकडं माणसं बघतात. त्यामुळं तिकडं आमचा नांगर कधी चुकला नाही. आत, मागच्या टोकाला, दरसाल नांगराचं एखादं तास जास्त निघायचं. एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला. पेरणीत तिफणीमागं तूर टाकत मीच चालायची. पांदीची माती घट्ट असते, पायाला लगेच कळते. मला दरवर्षी कळायचं. त्या कडेची तूर चांगली यायची, आणि संक्रांतीला मी नागम्माला तिचीच डाळ वाटीभर पाठवायची.

"आजी, तू सांगायचीस ते जू अजून हाय का?" मंजुश्रीनं विचारलं.

जाळून टाकलं म्हटलं असतं तर चाललं असतं. बैल विकूनही बरीच वर्षं झाली. पण मी गोठ्यात गेले आणि खुंटीवरून जू काढलं.

आम्ही निघालो. नागम्मा मागून आली. तिच्या मागं, बऱ्याच अंतरावर, काठी टेकत मालक. मंजुश्रीनं रस्त्याच्या तोंडाशी जू आडवं ठेवलं, टोकाशी खूण करून पुन्हा ठेवलं. बरोबर दोन. पोरगी खूष झाली. मध्यावर दुसरं जू पुरं बसेना. मागच्या टोकाला पहिलंच बसलं नाही. त्याचं एक टोक आमच्या तुरीत गेलं आणि पिवळी फुलं खाली पडली.

"आजोबा, यातली कुठली रेषा सरकली?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मालकांनी तिच्याकडं पाहिलं नाही. मला म्हणाले, "तिला सांग, पावसानं बांध-धुरे सरकतात."

तिला म्हणजे नागम्माला.

"मी न्हाई सांगत," मी म्हणाले. "तुम्हीच सांगा."

नागम्मानं पदर पुढं ओढला आणि तोंड फिरवलं. मालक जुवाकडं बघत उभे राहिले. त्यांच्या बापाच्या हातानं गुळगुळीत झालेलं लाकूड ते. मग त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला नावानं हाक मारली.

"नागम्मा, पांद मी खाल्ली. दोन्ही अंगानं."

ती बोलली ती माझ्याशीच.

"अक्का, भावजींना सांगा, तूर फुलावर हाय. यंत्र जाईल येवढीच कापा."

मालकांनी काठी बाजूला टाकली. आम्ही दोघांनी विळे घेतले, ते एका अंगाला, मी दुसऱ्या. यंत्रापुरती नाही, दोन जू बसतील तिथपर्यंत कापली. मंजुश्री जू ठेवत ठेवत आमच्या पुढं चालत होती. दिवस बुडायच्या आत यंत्र आत गेलं. आभाळ तसंच भरलेलं होतं, पण थेंब पडला नाही.

नागम्मा मात्र यंत्रामागं लगेच गेली नाही. आम्ही कापलेल्या तुरीच्या ती पेंढ्या बांधत होती आणि एकेक उचलून आमच्या धुऱ्यावर नीट रचून ठेवत होती.