राजासाहेबांची ब्यूक

ब्राह्मणपाऱ्यातल्या वझलवारांकडे राजासाहेबांनी भेट दिलेली मोटार आहे, हे रायपुरातल्या मराठी घरांत लहान पोरालाही ठाऊक होतं. कुठला राजा, केव्हाचा, असले प्रश्न कुणी विचारत नसे. आजोबा रामकृष्णपंत नावाजलेले वकील, तेव्हा राजाचा खटला जिंकला असणार, राजा खूश झाला असणार आणि चार दारांची, कापडी टपाची, लांबलचक ब्यूक दारात येऊन उभी राहिली असणार. ही गोष्ट सगळ्यात रंगवून सांगत ते धाकटे नातू शेखरराव. त्यांना मोटारीचा साधा नट फिरवता येत नव्हता, पण गोष्टीला दरवर्षी नवं पॉलिश करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. छत्तीसगड वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, तसा त्यांच्या गोष्टीतला राजाही बढती मिळाल्यासारखा मोठा होत गेला.

मोटारीची खरी उस्तवार आली थोरल्या श्यामरावांच्या वाट्याला. उभी हयात रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यात गेलेली. निवृत्त होताच त्यांनी ब्यूक खोलायला घेतली आणि खोलली ती खोललीच, जोडायचं नाव नाही. शेडच्या एका कोपऱ्यात इंजिन, भिंतीला टेकलेली दारं, विटांवर चढवलेला सांगाडा. बायको सुशीला येता-जाता टोमणे मारी. "आपली राधिका सासरी याच गाडीतून गेली पायजे. नाईतर मी तुमालेच विटांवर चढवून ठेवीन." श्यामराव चष्मा वर न करता म्हणत, "लावून राहिलो ना."

ते लावून राहिले आणि करोनाच्या दुसऱ्या लाटेत, त्या एप्रिलात, सुशीलाबाई दवाखान्यात गेल्या त्या परत आल्या नाहीत. अंगणात टेकवणं नाही, तोंडात तुळशीपत्र नाही, खांदा नाही. श्यामराव फाटकाबाहेर उभे होते. आतून एक बंद गाडी निघाली, मग दुसरी. आपली बायको पहिल्या गाडीत गेली की दुसऱ्या, हेही त्यांना कळलं नाही. त्या दिवसांत ते सांगायला कुणाला उसंतही नव्हती. ते घरी आले, आंघोळ केली आणि शेडमध्ये जाऊन बसले.

तेव्हापासून हा माणूस आतून सुन्न पडला होता. जेवायचं तर जेवला, बोलवलं तर बोलला, पण डोळ्यांतून टिपूस नाही. शेजारच्या बायका सुरुवातीला कौतुकानं म्हणाल्या, धीराचे आहेत. मग म्हणाल्या, जरा जास्तच धीराचे आहेत. राधिकाला मात्र ते फार लागलं होतं. आईबापाच्या संसारात तिला प्रेम दिसलं होतं, की ते आपल्यालाच वाटत होतं, याचा तिला संशय येऊ लागला. तिचं लग्न ठरलं, अभिनवसारखा चांगला मुलगा मिळाला, त्या दिवशी ती बापाला सरळच म्हणाली, "मेरी विदाई में भी आप ऐसे ही खड़े रहोगे ना, बाबा? खंभे जैसे?" श्यामरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. आपण तसेच उभे राहू, असं त्यांना वाटलं. त्याचीही त्यांना भीती वाटली नाही, आणि हेच त्यांना जरा भयंकर वाटलं.

त्यांनी मोटार जोडायला घेतली. हातांना काम माहीत होतं, त्याला मन लागत नव्हतं. कुजलेल्या लाकडी चौकटीच्या जागी बीजाच्या लाकडाची नवी चौकट बसली, इंजिन चढलं, चाकं आली. मागची गादी उशा-गाद्यांच्या कारागिराकडे गेली. उरला होता रंग. शेखरराव म्हणाले, जुन्या लाल रंगावरच नवा मारून टाक, कोण बघून राहिलं आत काय आहे? पण वॅगनच्या कारखान्यात मुरलेल्या माणसाला ते पटेना. तिथला दंडक, पत्रा दिसेपर्यंत घासल्याशिवाय ब्रश लावायचा नाही. शिवाय घासत बसलं की दिवस निघून जातो. श्यामराव पाणी लावून कागद फिरवत बसले. लाल रंग गेला, त्याखाली पिवळट थर निघाला, तो गेला, मग काळा. आणि मागच्या डाव्या दारावर, त्या काळ्यावर, पांढरी अक्षरं वर आली.

वैकुंठरथ. त्याखाली लहान अक्षरांत, सर्वांसाठी.

श्यामरावांनी दुसरं दार घासलं. त्यावरही तेच होतं.

वझलवारांत त्या काळातलं आता एकच माणूस शिल्लक होतं, वडिलांची धाकटी बहीण, मीराआत्या. पुरानी बस्तीत लेकाकडे राहायची. कान अधू, पण आठवण लख्ख. श्यामरावांनी दारावरचे शब्द सांगितले, तशी ती दचकलीही नाही. इतकी वर्षं कुणीतरी विचारेल म्हणून वाट पाहत असावी.

"राजानं काय भेट देली, डोंबल," ती म्हणाली. "राजानं जुनी मोटार विकाले काढली, तुझ्या आजोबानं घेतली. हौसेनं घेतली. मंग हैजा आला, पटकीची साथ. घरंच्या घरं झोपली. तवा रायपुरात मराठी माणसं असून असून किती? खांद्याले चार जण भेटत नव्हते. आन् भेटले तरी हैज्याच्या मढ्याले हात कोण लावते? तुझ्या आजोबानं मागची गादी काढून फेकली आन् सोताच चालवत नेऊ लागले. मराठी असो, तेली असो, सतनामी असो. म्हणे, कोणीच एकट्यानं जाऊ नाई."

"मंग आमाले कोणी सांगतलं काहून नाई?"

"माझं लगन जमत नव्हतं, बापा," आत्या म्हणाली. "मढ्याच्या गाडीवाल्याची पोट्टी कोण करते? पाहुणे येत, चहा पीत आन् गाडी पाहून उठून जात. मंग तुझ्या बापानं ती रंगवून घेतली आन् राजाची गोष्ट काढली. तुझे आजोबा त्याच्यावर वर्षभर बोलले नाईत. पण माझं लगन झालं. खोटं होतं म्हणूनच झालं."

श्यामराव उठले, आत्याच्या पाया पडले आणि घरी आले. मनात काहीच उमटलं नाही. हात लावला तर लागेल असं काहीतरी आत आहे, एवढं मात्र त्यांना कळलं.

शेखररावांना हे कळलं तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. राजा हातचा गेल्याचं दुःख होतं, पण भीती त्याहून मोठी होती. "दादा, आजच्या आज प्रायमर मार," ते दबक्या आवाजात म्हणाले. "अभिनवच्या घरचे कुंडली पाहून तारीख काढणारे लोक आहेत. नवरी मढ्याच्या गाडीतून आणली, असं समजलं तं पोट्टीले जन्मभर ऐकून घ्यावं लागंन. आत्याचं झालं नाई काय?" बोलणं खोटं नव्हतं. श्यामराव बरं म्हणाले. त्यांनी बाकीच्या सगळ्या गाडीला प्रायमर मारला. त्या दोन दारांपाशी आले, की हात आपोआप दुसरीकडे वळे. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. 

सकाळी राधिका चहा घेऊन शेडमध्ये आली. गाडी करड्या रंगात उभी होती आणि दारं तेवढी काळी. तिनं वाचलं. मराठी तिला बोलता येत नसलं तरी वाचता येत होतं. श्यामरावांनी तिला सगळं सांगितलं, हैजा, आजोबा, आत्याचं लग्न, काकाचा सल्ला. सांगताना त्यांचा आवाज फलाटावरच्या घोषणेसारखा सपाट होता.

"तुले नको असंन तं दुसरी गाडी ठरवू," ते शेवटी म्हणाले.

राधिका अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "परदादा ने सबको पहुँचाया. आई को किसने पहुँचाया, बाबा?"

ज्या एप्रिलात गाडी हवी होती त्या एप्रिलात ती विटांवर होती, एवढंच श्यामरावांना माहीत होतं. आणि गाडी धड असती तरी तेव्हा नेऊ दिलं नसतं, हेही माहीत होतं. दोन्हींचा उपयोग सारखाच.

"रंग कल लगाना," राधिका म्हणाली. "आज इसे महादेव घाट तक ले चलो." नदीकाठचं स्मशान तिथंच होतं.

"काहून?"

"ब्रेक नहीं देखने आपको?"

शेखरराव फाटकाशीच आडवे आले. दारं झाकल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका, निदान चादर तरी टाका, असं त्यांचं चाललं होतं. राधिकानं त्यांचा हात हातात घेतला. "अभिनव को मैंने अभी फोन करके बता दिया, काका. उसकी नानी भी उसी अप्रैल में गई थीं. घरवालों से वो खुद बोलेगा." शेखररावांनी पायांतल्या चपला काढल्या आणि फाटकाचं दुसरं दार उघडून बाजूला उभे राहिले.

इंजिन लागलं. श्यामराव स्टिअरिंगवर, शेजारी राधिका. मागे गादी नव्हती, नुसत्या फळ्या. सुशीलाबाई घरूनच निघायला हव्या होत्या, तशी गाडी घरून निघाली. नव्यानं जोडलेल्या गाडीला पळवायचं नसतं, म्हणून श्यामरावांनी ती पायी चालल्यासारखी ठेवली. पुरानी बस्तीच्या तोंडाशी मागून एका स्कूटरवाल्यानं हॉर्नचा सपाटा लावला. तो वैतागून पुढे आला, दारावरचं वाचलं आणि हॉर्नवरचा अंगठा काढून हळूच मागे झाला. एका चहाच्या टपरीवरची माणसं बाकावरून उठली. शाळेत निघालेल्या एका मुलीनं कपाळाला हात लावून छातीला लावला. अक्षरं कुणी वाचली, कुणी नुसती गाडीची चाल ओळखली.

श्यामराव अवघडले. "आत तं कोणी नाई," ते पुटपुटले. "लोकं उगाच..."

"है ना, बाबा," राधिका म्हणाली.

लाखेनगरच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक भाजीवाली बसली होती. तराजू हातात, समोर गिऱ्हाईक. गाडी जवळ येताना तिनं पाहिली. तिनं तराजू खाली ठेवला, गुडघ्यावर हात देऊन कष्टानं उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला आणि मागच्या मोकळ्या फळ्यांकडे बघत हात जोडले. तिला घाई नव्हती. गाडी पुढे निघून जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली.

सुशीलाला हे कुणीच केलं नव्हतं. नवऱ्यानंही नाही. कुठल्या गाडीला करायचं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

श्यामरावांचा पाय ॲक्सिलरेटरवरून सुटला. ब्यूक भर रस्त्यात थांबली. त्यांनी मान वळवून फळ्यांकडे पाहिलं, हात जोडले, आणि ते जोडलेले हात स्टिअरिंगवर आपटत हा म्हातारा लहान पोरासारखा मोठ्यानं रडू लागला. "सुशे, मी लावून राहिलो होतो वं," एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होता. राधिकानं त्याला आवरलं नाही. ती त्याच्या खांद्याला लागून रडत राहिली.

मागे ऑटो, ट्रॅक्टर, मोटारसायकली अशी रांग लागली. काय झालं म्हणून एक तरुण पुढे यायला निघाला, तसा ऑटोतल्या म्हाताऱ्यानं त्याला हातानं थांबवलं. अर्ध्या वाटेवर तिरडी खाली टेकवून घटकाभर विसावा देतात, ते त्याला ठाऊक होतं.

"रहने दे बेटा," तो म्हणाला. "विश्राम के लिए रोका है."