खांब

केस कापून घेताना माणसाच्या जिभेला हाड राहत नाही. खुर्चीत बसलं की जो तो उंटावरून शेळ्या हाकायला मोकळा. शहराच्या फुटबॉल संघाचा बचावपटू म्हणजे याच न्हाव्याचा मुलगा, हे ठाऊक असूनही कुणाला भीड म्हणून नव्हती.

"तुमच्या पोराला आम्ही खांब म्हणतो. अख्खी मॅच जागचा हलत नाही!"

न्हावी हसण्यावारी न्यायचा. पण टीव्हीवाले म्हणायचे, हा आज दिसलाच नाही. पेपरवाले दहापैकी चार गुण द्यायचे. एकटे कोच तेवढे वेगळं बोलायचे. दाढीला आले की म्हणायचे, "तो उभा असतो म्हणून त्या बाजूने कुणी येतच नाही. लोक बॉल बघतात हो, जागा कोण बघतं?" ढ मुलाच्या बापाला मास्तर सांगतात ना, 'स्वभावाने गुणी आहे', तसलंच ते न्हाव्याला वाटायचं.

शेवटी जेवताना त्याच्या तोंडून निघालंच. "कधीतरी पुढे जा की रे. बापाला दुकानात मान वर करू दे."

मुलाचा हात ताटातच थांबला. "मी पुढे गेलो तर मागे कोण, बाबा?"

"बाकीचे काय माश्या मारतात?"

उपांत्य सामन्यात तो पुढे गेला. तिघांना चकवून असा गोल मारला की लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. न्हावी बाकावर चढून ओरडला, "माझा आहे तो! माझा!" अनोळखी माणसांनी त्याला मिठ्या मारल्या. मग मुलगा पुढेच जात राहिला, आणि त्याने सोडलेल्या जागेतून समोरच्यांनी तीन गोल केले. संघ स्पर्धेबाहेर गेला. शिव्या खाल्ल्या बिचाऱ्या गोलकीपरने. खांबाला पेपरने नऊ गुण दिले.

दुसऱ्या दिवशी दुकानात पेढे वाटायचेच बाकी होते. तेवढ्यात कोच आले आणि खुर्चीत बसले.

"त्याला संघातून काढलं मी," ते हळूच म्हणाले. "ठरलेलं सोडून खेळला. का म्हणून विचारलं, तर तोंड उघडत नाही. घरी काही बोललाय का?"

न्हाव्याच्या हातातला वस्तरा थांबला. 'मीच सांगितलं होतं,' एवढंच म्हणायचं होतं. पण मागच्या बाकावरून सगळे त्याच्याकडे कौतुकाने बघत होते.

"नाही बुवा," तो म्हणाला.

घरी मुलगा बूट घासत बसला होता. आता ते कुठे घालायचे नव्हते, तरी घासत होता. न्हावी शेजारी टेकला.

"माझं नाव का नाही सांगितलंस कोचना?"

मुलाने मान वर केली नाही.

"तुम्ही बाकावर चढला होतात, बाबा. बघितलं मी," तो म्हणाला. "एवढं खूश मी तुम्हाला कधी केलंच नव्हतं."