टेनर ट्रॉम्बोनच्या ग्राहकाची चाचणी

दिनांक १४ ऑक्टोबर, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून मी अकरा वस्तू मांडल्या होत्या: ट्रॉम्बोनचा बेलसह, म्हणजे कर्ण्यासारख्या रुंद तोंडासह, मागचा भाग, स्लाइडच्या आतल्या स्थिर नळ्या, त्यांच्यावरून पुढेमागे सरकणारी बाहेरची नळी, दोन माउथपीस, तेलाची बाटली, पाणी फवारण्याची बाटली, साफसफाईची काठी, दोन फडकी आणि पेटी.

"अकरावी वस्तू खाली ठेवा," पत्नी म्हणाली. "पेटी गावभर जमिनीवर टेकून आलेली आहे, आणि आपण इथे जेवतो."

विक्रीचे कारण एका शब्दात सांगता येते: खांदा. ट्रॉम्बोनला बटणे नसतात. उजव्या हाताने स्लाइड सात ठरावीक जागांवर न्यावी लागते, आणि सातवी जागा हात पूर्ण ताणल्याशिवाय येत नाही. गेली दोन वर्षे माझा हात पाचवीवरच थांबत असे. डॉक्टरांनी दुखण्याला दिलेले नाव लांबलचक होते. हात मात्र आखूडच राहिला. त्यातच एकतीस तारखेला आम्हाला लहान घरात जायचे होते. तिथे प्रत्येकाच्या वाट्याला अर्धे कपाट येत होते, आणि ट्रॉम्बोनची पेटी बरोबर अर्धे कपाट व्यापत होती.

"तो ठेवा नाहीतर कपडे ठेवा," पत्नीने सांगितले. "मी मध्ये पडणार नाही. फक्त कपड्यांवर पाणी सोडलंत, तर दार उघडायला मला पाठवा."

माझी अट एकच होती. तो ज्या हातात जाईल त्या हातात वाजला पाहिजे. पंपांच्या कारखान्यातल्या बँडमध्ये एकतीस वर्षे तो माझ्याबरोबर वाजला होता. त्याने पुढे कुणाच्या बैठकीत खिळ्याला लटकून गप्प बसावे, हे मला सहन होण्यासारखे नव्हते.

सामान बांधायला आलेल्या मुलीने मी लिहिलेली तीन पानी जाहिरात वाचली.

"बाबा, ही जाहिरात आहे की शवविच्छेदनाचा अहवाल?"

"मापे दिली आहेत. मापांशिवाय वस्तू कळत नाही."

"सत्तेचाळीस मापे आहेत. एवढी माहिती देऊन तर आईने तुम्हालाही पसंत केलं नसतं."

"मापं कळली असती तर विचार केला असता," पत्नी आतून म्हणाली.

मुलीने चार ओळी लिहिल्या, एक छायाचित्र जोडले, बारा हजार किंमत घातली आणि जाहिरात फोनवरून पाठवून दिली. दुपारपर्यंत चार जणांनी विचारणा केली. पहिल्याला ट्रॉम्बोनसोबत चार्जर हवा होता. दुसऱ्याला नाटकासाठी दोनच दिवस हवा होता, तेही फुकट. तिसऱ्याने पंधरा मिनिटे घासाघीस करून शेवटी हा सॅक्सोफोनच ना, असे विचारले. चौथा म्हणाला, "बारा कशाला, पंधरा देतो. संध्याकाळी येऊ का?"

मुलगी हळूच म्हणाली, "पत्ता द्या आणि गप्प बसा."

तो साडेपाचला आला. चाळिशीचा, उंच, आणि हात इतके लांब की शर्टाच्या बाह्या मनगटाच्या चार बोटे अलीकडेच संपल्या होत्या. त्याने स्लाइडकडे ढुंकूनही पाहिले नाही. बेलमध्ये मूठ घालून बाहेर काढली, खिशातून मोजपट्टी काढली आणि बेलचा व्यास मोजला. मोजणारा माणूस पाहून मला क्षणभर बरे वाटले.

"झकास," तो म्हणाला. "साठचा बल्ब आरामात बसेल."

"कोण बसेल?"

"बल्ब. मी जुन्या वस्तूंचे दिवे करतो, काका. शिलाई मशीनचे केले, टाइपरायटरचे केले. हा उभा करायचा, इथे मागून एक भोक पाडायचं, वायर ओवायची. एका हॉटेलची बारा दिव्यांची ऑर्डर आहे. हा मधोमध राहील, नवरदेवासारखा."

मी ट्रॉम्बोन त्याच्या हातातून काढून घेतला. त्यात उद्धटपणा नव्हता. भाजी कापायला निघालेल्याच्या हातातून आपण आपले बोट काढून घेतो, तसे ते झाले. सरळ नाही म्हणावे, तर पत्नी आणि मुलगी दोघी दारात उभ्या होत्या आणि पंधरा हा आकडा दोघींनी ऐकला होता. तेव्हा नोकरीतली सवय मदतीला धावून आली.

"आमच्या तपासणी विभागात एक नियम होता," मी म्हणालो. "चाचणी झाल्याखेरीज माल दाराबाहेर जात नसे."

"मग करा की. मी थांबतो."

"मालाची सकाळीच झाली. आता ग्राहकाची बाकी आहे. कोणताही एक स्वर, सलग पाच सेकंद."

"मला वाजवायचाच नाहीये, काका."

"पंप घेणाराही तो स्वतःच्या पाठीवर घेऊन पाणी ओढत नाही. चाचणी ती चाचणी."

या वाक्याला काही अर्थ नाही हे मला बोलतानाच कळले होते. पण मी ते अधिकाराने बोललो, आणि दिवेवाला गोंधळून तयार झाला. त्याने गाल फुगवले, डोळे मिटले आणि फुंकले. आवाज आला तो ट्रॉम्बोनचा नव्हता. शेजाऱ्यांचे दार उघडून बंद झाले.

"मोरीत काही अडकलंय का हो?" पत्नीने विचारले. ती समोरच उभी होती.

तीन प्रयत्नांनंतर मी वहीत अनुत्तीर्ण असे लिहिले. दिवेवाला घाम पुसत म्हणाला, "अठरा देतो."

"द्या की हो," पत्नी म्हणाली.

"चाचणी पैशाने होत नसते."

दिवेवाला हसला नाही. हरलेला माणूस जिन्याकडे पाहतो. हा माउथपीसकडे पाहत होता. "हा छोटा तुकडा द्याल का चार दिवस? सराव करून येतो. माझी मोजपट्टी ठेवून घ्या."

दोन माउथपीसपैकी धाकटा मी त्याला दिला आणि मोजपट्टी ठेवून घेतली. ओठांनी साधा स्वर काढायला मला कॉलेजात तीन आठवडे लागले होते. मी निर्धास्त झोपलो.

तो पाचव्या दिवशी आला, ओठ सुजलेले. पडद्याच्या पोकळ दांड्याला माउथपीस बसवून त्याने सराव केला होता. टेबलाशी उभे राहून त्याने श्वास घेतला आणि एक जाड, डुगडुगता, पण निःसंशय ट्रॉम्बोनचा असा स्वर काढला. माझ्या घड्याळात सात सेकंद झाले.

"द्या आता," तो म्हणाला.

मी वही उघडली, चष्मा पुसला आणि म्हणालो, "हा पहिला टप्पा. दुसऱ्या टप्प्यात सातही जागा."

पत्नी पुढे झाली. "परीक्षेला पोर बसल्यावर प्रश्नपत्रिका बदलतात का? तुमच्या कॉलेजात असं झालं असतं तर तुम्ही प्राचार्यांना निवेदन दिलं असतंत. चार प्रतींत."

"निकषांमध्ये सुधारणा होत असतात."

"सुधारणा नाही, रडीचा डाव आहे हा. तो जिंकतोय म्हणून पट उचलताय."

ती खरे बोलत होती, हे कळून माझे कान तापले. मी माघार घेणार होतो. पण दिवेवालाच म्हणाला, "असू दे, वहिनी. सात म्हणजे काय भानगड आहे, ते तरी बघू. फक्त सात जागा काही पडद्याच्या दांड्यावर होणार नाहीत. इथे येऊन शिकतो. रोज पाच ते सहा."

त्याने मला काका म्हणावे आणि हिला वहिनी, हे गणित मला आजवर सुटलेले नाही. पत्नीला मात्र ते बिनचूक वाटले. दुसऱ्या दिवसापासून पाचच्या ठोक्याला खाऱ्या दाण्यांची बशी बाहेर येऊ लागली.

आता शिकवणे भाग पडले. पहिल्या दिवशी स्लाइडची कळ लावायला तो विसरला आणि बाहेरची नळी सरळ खाली निघाली. मी ती पायाच्या पंजावर झेलली. दुसऱ्या दिवशी नळीतले पाणी काढायची चिमटी दाखवली, तेव्हा त्याने विचारले, "हे पाणी कसलं?"

"तुमचंच."

"एवढं?"

"दिवा केला असता तर एवढ्यात फ्यूज उडाला असता," मुलगी म्हणाली.

हॉटेलवाल्याचे फोन येत. तो फोन उलटा ठेवून पुन्हा फुंकू लागे. पाचवीपर्यंतच्या जागा मी हाताने दाखवल्या. पुढच्या दोन तोंडी सांगितल्या. सांगताना मला माझाच राग येत असे. पोहणे शिकवणाऱ्याने काठावरून हातवारे करावेत, तशी माझी गत होती. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी: दाराची कडी वाजायच्या पाच मिनिटे आधीच मी स्लाइडवर पाणी फवारून तयार असे. तो शिकला तर ट्रॉम्बोन त्याला द्यावा लागणार होता आणि त्याला भोक पडणार होते. नाही शिकला, तर एकतीस तारखेला कुलूप लावताना तो कुणाच्या गळ्यात मारायचा, हे मला ठाऊक नव्हते. दोन्हीकडून माझेच नुकसान होते. तरीही त्याचा स्वर सरळ लागला की मी खुर्चीतून अर्धवट उठत असे.

२९ तारखेला चाचणी झाली. एक ते पाच जागा त्याने सहज घेतल्या. सहावी घेतली. मग तो लांबलचक हात पूर्ण पसरला आणि सातव्या जागेचा खोल स्वर खोलीभर भरून राहिला. दोन वर्षांत तो स्वर या घरात झाला नव्हता. पत्नी कपाटातल्या वस्तू कागदात गुंडाळत होती. तिचे हात थांबले. मी वहीत उत्तीर्ण असे लिहिले आणि खाली सही केली. नियम मी केला होता. आता तो मलाच पाळायचा होता.

"घ्या," मी म्हणालो. "तुमचा झाला."

दिवेवाल्याने घेतला नाही. त्याने स्लाइड पुन्हा बाहेर नेली, आत आणली, पुन्हा नेली. कपाळाला आठी पडली.

"काका, सहावी-सातवीच्या मध्ये अडकतंय."

"शक्य नाही. सत्तेचाळीस मापे घेतली आहेत."

"मापं असतील. पण अडकतंय."

मी स्लाइड उतरवून बाहेरच्या नळीवरून बोट फिरवले. वरच्या टोकाजवळ, मसुराच्या डाळीएवढा, एक पोचा होता. माझा हात पाचवीच्या पुढे जातच नव्हता, त्यामुळे तो अडथळा दोन वर्षांत माझ्या वाट्याला आला नव्हता. आणि वाजवताना काही अडले नाही, म्हणून मोजतानाही मी तिथे बोट नेले नव्हते. तपासणी विभागात एकतीस वर्षे काढलेल्या माणसाने हे मान्य करायला जेवढा वेळ घ्यावा, तेवढा मी घेतला.

"आहे," मी म्हणालो.

"आणि चिमटीचा बूच गळतो. पँट ओली होते. आणि तिसऱ्या जागेला आतल्या नळीचा मुलामा उडालाय, बघा, हाताला खरखरीत लागतं." तो जागा दाखवत होता, आणि प्रत्येक जागा बरोबर होती. "नऊ फार तर."

"नऊ? तुम्ही पंधरा म्हणाला होतात. अठरासुद्धा."

"तेव्हा मला काय कळत होतं? दिव्याला पोचा दिसला असता तर वीस दिले असते, जुनेपणा खुलतो म्हणून. वाजवायला नऊसुद्धा जास्तच होतात."

"म्हणजे दिवा नाही करणार?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच ड्रिल घेऊन उभा आहे. "भोक पाडल्यावर हवा कुठून जाईल, काका? हॉटेलच्या मधोमध पंखा लावतो एखादा जुना."

पत्नी कागदात तोंड लपवून हसत होती. मुलगी मोकळेपणाने हसत होती. "गुरूची विद्या गुरूला फळली," ती म्हणाली. "हौसेने शिकवलंत, आता भरा."

मी भरणार नव्हतो. मी अर्धा तास भांडलो, कारण भांडण न करता नऊवर येणे हा ट्रॉम्बोनचा अपमान झाला असता. बुचाचे मी मान्य केले, मुलाम्याचे निम्मे मान्य केले, पोच्याबद्दल मात्र मला तोंडच नव्हते. त्याने पोचा काढणाऱ्या कारागिराला तिथूनच फोन करून खर्च विचारून घेतला. तो आकडा त्याने माझ्याच वहीत, माझ्याच पेनाने नऊ हजारांतून वजा केला. मी वजाबाकी तपासली. चूक नव्हती.

मग त्याने पेटीत सर्व वस्तू माझ्या क्रमाने लावल्या, कळ लावली, झाकण बंद केले आणि जिना उतरला. पहिल्या वळणावर त्याला राहवले नसावे, कारण खालून पेटी उघडल्याचा आवाज आला आणि मागोमाग एक स्वर. जरा खाली उतरलेला होता. मी कठड्यावरून ओरडून सांगितले की स्लाइड अर्धे बोट आत घ्या. त्याने घेतली.

विक्री आठ हजार सातशेला झाली.