हात न लागलेली बोट

आणखी एक बोट नापास करून आम्ही परत आलो, तेव्हा मी चप्पलसुद्धा न काढता गॅरेजमधल्या शिलाई मशीनवर डोकं टेकलं. लोक सुट्टीच्या दिवशी झोपतात. आम्ही लोकांच्या अंगणात ताडपत्रीखाली पडलेल्या जुन्या स्पीडबोटी उघडून बघत हिंडत होतो, आणि प्रत्येक बोटीवरून हात फिरवून आमचे पेंटर तेच एक वाक्य बोलत होते, "हिला रंग मारलाय."

पेंटर म्हणजे माझे मिस्टर. गाड्या रंगवण्यात त्यांचा जन्म गेला. मी त्याच गॅरेजच्या कोपऱ्यात गाड्यांची सीट कव्हरं शिवते, म्हणून त्यांची छाती वाजायला लागली ती सगळ्यात आधी मला ऐकू आली. जिना चढताना मध्येच थांबायचे आणि भिंतीचा पोपडा बघत असल्याचं नाटक करायचे. शेवटी मी ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि काही आडपडदा न ठेवता सांगितलं, "रंग बंद, धूळ बंद. हे काम असंच चालू ठेवलंत तर पुढच्या वर्षी माझ्याकडे येऊन उपयोग नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर उठून म्हणाले, "तलावावर बोट चालवायची. लोकांना फिरवून आणायचं. मोकळी हवा, बसून काम." धक्क्यावर एक जागा रिकामी होणार होती, सीझनच्या आत बोट आणली तर ती आमची. नव्या बोटीचं नावसुद्धा काढण्याची आमची ऐपत नव्हती. साठवलेल्या पैशात एक लहान, जुनी बोट येणार होती, आणि ती फसली तर पेंटर पुन्हा रंगाच्या खोलीत जाणार होते. मला रात्रंदिवस तेवढंच दिसत होतं.

इंजिन बघायला माझा धाकटा भाऊ बरोबर असायचा. तो मेकॅनिक आहे. हातातून पाना सुटत नाही म्हणून सगळे त्याला पान्या म्हणतात. पान्याला गाड्यांची इंजिनं कळतात, पेंटरांना पत्रा कळतो, मला सीटं कळतात. बोट तिघांपैकी एकालाही कळत नव्हती, पण तसं कबूल कोण करणार? पहिल्याच बोटीपाशी पेंटरांनी सवयीने खिशातून लोहचुंबक काढलं. जुन्या गाडीला ते चुंबक लावून बघतात. जिथे चिकटत नाही तिथे खाली पुट्टी भरलेली. बोटीला लावलं, ते टपकन खाली पडलं. दुसरीकडे लावलं, तिथूनही पडलं.

"भावोजी, सगळी बोटच पुट्टीची आहे!" पान्या म्हणाला.

"फायबर आहे ते, गाढवा," पेंटर म्हणाले. पण चुंबक खिशात ठेवताना कान लाल झाले होते.

तेव्हापासून त्यांनी डोळ्यांवरच भिस्त ठेवली. बोटीच्या कडेला वाकून, गाल जवळजवळ टेकवून, आडव्या उजेडात अंग बघायचे. कुठे घासलंय, कुठे भरलंय, कुठे दुसरी शेड चढवलीय, हे त्यांना लगेच कळतं. जन्मभर त्यांनी हेच केलं होतं ना! ठोकलेल्या गाड्या अशा करून द्यायचे की घेणाऱ्याला पत्ता लागू नये. त्यामुळे कुठलीही चकाकी दिसली की त्यांना तिच्यामागे आपल्यासारखाच एखादा पेंटर बसलेला दिसायचा.

एक बोट मला मनापासून आवडली होती. पोहायला शिकवणाऱ्या एका मास्तरांची होती. मास्तरांनी लपवाछपवी केलीच नाही. बोटीच्या मागच्या बाजूला, जिथे इंजिन लटकतं, तिथे थाप मारून म्हणाले, "ही मागची फळी मी नवी बसवलीय. आतलं लाकूड सडलं होतं. सगळं काढलं, नवं घातलं, वरून रंग दिला."

रस्त्याला लागल्यावर पेंटर म्हणाले, "स्वतःच्या तोंडाने सांगतोय, सडली होती म्हणून."

"अहो, पण नीट केली असंही सांगितलं की."

"नीट करणारे मी खूप बघितलेत. मी स्वतः त्यातलाच आहे."

मी हात टेकले.

आणि मग ती बोट मिळाली. एका बंद पडलेल्या पाव कारखान्याच्या आवारात ट्रॉलीवर उभी होती. रंग उडून पांढरट भुकटी झालेला, हात फिरवला की खडूसारखं तळव्याला लागायचं. पेंटर आडवे होऊन सगळी बोट बघून आले. उठले तेव्हा चेहरा उजळला होता. कितीतरी महिन्यांनी मी तो तसा बघत होते.

"हिला कुणी हातच लावलेला नाही," ते म्हणाले. "कंपनीतून निघाली तश्शी आहे."

पान्याने पाण्याच्या पिंपात इंजिन बुडवून चालू करून बघितलं. ते बिनतक्रार चाललं. मी सीट उचलून खालचा फोम दाबला, तर बोटांतून पाणी निथळलं. "अहो, हा ओला आहे," मी म्हटलं.

"पावसाचं पाणी असेल," विकणारा म्हणाला.

"असेल," पेंटर म्हणाले, आणि मीही मान हलवली. एकदाचं संपू दे, घरी जाऊ दे, एवढंच मनात होतं.

मी दोन दिवस बसून तिला नवी सीटं शिवली. धक्क्यावरच्या उतरणीवरून बोट पाण्यात घातली. पेंटर चालवायला बसले, पान्या शेजारी, मी मागे. सुरुवातीला सगळं छान होतं. वारा लागत होता, पेंटर चक्क गुणगुणत होते. मग त्यांनी वेग वाढवला आणि माझ्या पाठीमागे कडकड असा आवाज आला. वळून बघते तर इंजिन मागे कलत चाललं होतं, फळीला भेग पडली होती आणि माझ्या पायाशी पाणी येत होतं. मी ओरडले. पान्याने इंजिन बंद केलं. दुसऱ्या एका बोटवाल्याने दोरी टाकून आम्हाला धक्क्यापर्यंत ओढत आणलं, सगळ्यांच्या देखत.

गॅरेजमध्ये आणून पान्याने मागच्या फळीला ड्रिलने भोक पाडलं. आतून चहाच्या चोथ्यासारखं काळं लाकूड बाहेर आलं आणि त्यापाठोपाठ पाणी गळायला लागलं. बराच वेळ गळत होतं. पेंटर स्टुलावर बसून बघत राहिले.

"हात लावला नव्हता," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे दुरुस्तच केली नव्हती. ज्यांनी जीव लावला त्यांच्या बोटी मी सोडून दिल्या."

मला खरं तर भांडायचं होतं. फोम ओला आहे हे कोण म्हणालं होतं, हे विचारायचं होतं. पण त्यांचा चेहरा बघून मी भांडण उद्यावर टाकलं. मी मास्तरांना फोन लावला. त्यांची बोट कधीच विकली गेली होती. तरी त्यांनी समजावून सांगितलं: आतल्या बाजूने फायबर कापा, सडलेलं सगळं खरवडून काढा, नवी फळी चिकटवा, वर फायबरचे थर द्या, घासून सारखं करा. "फक्त धूळ भयंकर उडते," ते म्हणाले, "आणि वासही उग्र असतो. छाती सांभाळा."

फोन ठेवून मी मागे वळले तर पेंटरांनी तोंडाला फडकं बांधलं होतं आणि ग्राइंडर हातात घेतला होता.

"ठेवा तो खाली," मी म्हटलं.

"एवढं शेवटचं. मग संपलंच."

"शेवटचं-बिवटचं मला सांगू नका. ज्याच्यासाठी बोट घेतली तेच घालवायचं असेल तर ही बोट मी आत्ता भंगारात देते!" माझा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला असावा. ग्राइंडर मी त्यांच्या हातातून काढूनच घेतला. केवढा जड असतो तो!

पुढचे दिवस मी मास्क लावून बोटीत वाकलेली आणि पेंटर रस्त्यापलीकडे झाडाखाली खुर्ची टाकून बसलेले. तिथून ओरडून सांगायचे, "गोल फिरव! दाबू नको!" त्यांना दिसत काही नव्हतं, ग्राइंडरच्या आवाजावरून ते माझी चूक ओळखायचे. फळी बसवायला पान्या येऊन गेला, बाकी सगळं मी. रात्री अंग इतकं खाजायचं आणि दुखायचं की झोप यायची नाही. सीटं शिवणाऱ्या बाईचं हे काम नव्हेच. पण थर सरळ बसले, सीट कव्हराच्या कापडासारखे ताणून बसवले मी ते.

रंगही मीच दिला. सुकल्यावर पेंटरांना बोलावलं. ते वाकले, आडव्या उजेडात बघितलं. माझं पांढरं निळसर आलं होतं, भोवतीचं जुनं पिवळट. ठिगळ लांबूनही डोळ्यात भरत होतं. शेड केसभर चुकली म्हणून या माणसाने पूर्वी गाडीचं दार पुन्हा पुन्हा खरवडलेलं मी बघितलंय.

"जुळली नाही ना?" मी विचारलं. माझ्यात पुन्हा घासण्याची ताकद नव्हती. रडूच आलं असतं.

त्यांनी ठिगळावरून हात फिरवला. "राहू दे," म्हणाले. "दिसू दे."

सीझनच्या पहिल्या सकाळी आमच्याकडे एक कुटुंब आलं. नवरा, बायको, दोन मुली. नवरा चौकस निघाला. मागे जाऊन त्याने ठिगळावर बोट ठेवलं. "हे काय? फुटली होती का?"

मी पेंटरांकडे डोळे वटारून बघितलं. काहीही सांगा, पण खरं सांगू नका.

"मागची फळी सडली होती," पेंटर आरामात म्हणाले. "सगळी काढली, नवी बसवली. हिने बसवली."

त्या माणसाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा फळीकडे, आणि मुलींचे हात धरून शेजारच्या चकचकीत बोटीत जाऊन बसला.

"झालं समाधान?" मी फणकारले. "पहिलंच गिऱ्हाईक घालवलंत! जन्मभर लोकांना रंग लावलात, आज एक दिवस लावला असता तर काय बिघडलं असतं?"

पेंटरांना हसू फुटलं. मान मागे टाकून, पोट धरून ते हसले. मी सवयीने उठले आणि पाण्याची बाटली उघडली, कारण त्यांचं हसणं नेहमी खोकल्यात जाऊन संपतं.

ते हसून थांबले. डोळे पुसले. खोकला आला नाही.

त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी बाटलीचं झाकण लावलं आणि मीच शिवलेल्या सीटवर पाय पसरून बसले. "बसा," मी म्हटलं, "येईल कोणीतरी."